तो दमा नव्हता, नळीत स्टेंट होता

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात मी मेडिकल ऑफिसर आहे. कपाशीवर फवारणी सुरू झाली की आमच्याकडे विषबाधेचे पेशंट येतातच, 2017 ला या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-मजूर दगावले, ते तर सगळ्या महाराष्ट्राने बघितलं. पण त्यातून वाचलेल्यांचं पुढे काय होतं यावर कोणी बोलत नाही, म्हणून ही केस लिहितेय.

सकाळी ओपीडी सुरू व्हायच्या आधीच एका बाईने तरण्या पोराला धरून आणलं. "मॅडम, पोट्ट्याचा दमा लय वाढला, रातभर टेकला नाई." हातात पंप होता, गावातल्या डॉक्टरने दिलेला, आणि त्याने काडीचा फरक नव्हता. पोरगा पुढे वाकून बसलेला, श्वास आत ओढताना घर्रर्र आवाज. दम्यात शिट्टी जास्त करून श्वास सोडताना येते, इथे उलटं, आणि स्टेथो छातीपेक्षा मानेवर ठेवला तर आवाज मोठा. मानेवर जुना व्रण दिसला तेव्हा मी विचारलं, "याला कधी मशीनवर ठेवलं होतं का?"

"हो ना, फवारणीचं लागलं होतं तवा."

बियाण्याच्या कापडी पिशवीतून कागद निघाले, त्यात लिहिलेलं की श्वासनलिका आवळली म्हणून सिलिकॉनचा स्टेंट, म्हणजे ती उघडी ठेवणारी छोटी पोकळ नळी, आत टाकलाय. व्हेंटिलेटरची नळी घशातून श्वासनलिकेत घालतात, तिच्या टोकाशी हवेचा फुगा असतो, त्याचा दाब पाण्याच्या 30 सेंटीमीटरच्या वर राहिला तर श्वासनलिकेच्या आतल्या अस्तराचा रक्तपुरवठा तुटतो, जखम होते, ती भरताना श्वासनलिका आवळत जाते आणि दम लागायला लागतो तो घरी गेल्यावर, बरेचदा काही आठवड्यांनी, म्हणून लोक दमा समजतात. एक्सरे काढला तर साफच दिसत होता, सिलिकॉन साध्या एक्सरेत बहुतेक वेळा नीट दिसतच नाही.

मी त्याला बसतंच ठेवलं, ओलावा दिलेला ऑक्सिजन, सलाईनची वाफ, अॅड्रेनॅलीनची वाफ, स्टेरॉइडचं इंजेक्शन. घाबरलाय म्हणून झोपेचं इंजेक्शन द्या असं कोणीतरी म्हणालं तर स्पष्ट नाही म्हटलं, अशा पेशंटचा स्वतःचा जोर गेला की संपलंच. आणि स्टेंटमध्ये आंधळेपणाने नळी घालायला गेलो तर स्टेंटच सरकू शकतो. नागपूरच्या छातीच्या डॉक्टरांना फोन केला, 108 मध्ये सिस्टर सोबत पाठवली आणि संध्याकाळपर्यंत माझं कशातच लक्ष नव्हतं.

तिथे भूल देऊन कडक दुर्बिणीने बघितलं तर स्टेंट वाळलेल्या कफाने जवळजवळ बुजलेला आणि वरच्या काठाला मांस वाढलेलं. दोन्ही काढलं, पोरगा वाचला.

स्टेंटचे जुने त्रास म्हणजे हेच, कफ अडकणं, काठाला मांस वाढणं, जागेवरून सरकणं, इन्फेक्शन. कॅन्सर नसलेल्या आवळलेल्या नळीत धातूचा स्टेंट शक्यतो टाकू नका असं अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधं-उपकरणांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, 2005 मध्येच सांगितलं, कारण तो मांसात रुततो आणि काढता काढता नळी फाटू शकते. सिलिकॉनचा निघतो, पण त्यालाही रोज सलाईनची वाफ लागते आणि अधूनमधून दुर्बीण. हे त्या माउलीला मराठीत कोणी बसून सांगितलंच नव्हतं, सगळं कागदावर इंग्रजीत. ती म्हणाली, "नळीचं काम तं तवाच झालं ना मॅडम, बरं वाटे तं ते खारं पाणी कायले घ्याचं म्हणून सोडून देल्लं." नागपूरला जायचं तर मजुरी बुडते, तपासण्या म्हणूनच सुटल्या. तिला दोष द्यायची माझी तरी हिंमत नाही.

आता सलाईन आमच्या दवाखान्यातून नेतो. पुढे स्टेंट काढून बघणार आहेत, काहींची नळी उघडी राहते, काहींची परत आवळते, आवळली तर तेवढा भाग कापून टोकं जोडायचं ऑपरेशन. त्याच्या आईला मी हे सगळं तिच्या भाषेत सांगितलंय, आणि पोराच्या पाकिटात मराठीत चिठ्ठी ठेवलीय की याच्या श्वासनलिकेत स्टेंट आहे, दमा समजू नका.