दहा डॉलरचा किल्ला

भंगारवाल्यानं मॉनिटर एका बाजूनं थोडा उचलून पाहिला आणि म्हणाला, "मावशी, सगळं मिळून साडेतीनशे." आईनं त्याच्याकडे असं बघितलं, जणू त्यानं देव्हारा मोडीत मागितला होता.

"अहो, पण चालतो तो."

चालण्याशी त्याला काय देणंघेणं? तो किलोवर घेतो. पण आईनं चालतो म्हटल्यावर तो चालवून दाखवणं आलंच, आणि ते काम अर्थातच माझ्याकडे आलं. भंगारवाला तासाभरानं येतो म्हणून गेला आणि मी नाशिकमधल्या इंदिरानगरच्या आमच्या फ्लॅटच्या माळ्यावरून उतरवलेलं ते पिवळं पडलेलं धूड डायनिंग टेबलावर मांडलं.

हा आमचा ४८६, जुन्या पिढीचा कॉम्प्युटर. बाबांनी १९९८ मध्ये तो सेकंडहँड घेतला तेव्हाच तो म्हातारा होता. आठ एमबी रॅम, समोर वेग दाखवणारा '६६' असा हिरवा आकडा आणि त्याखाली 'टर्बो' नावाचं बटण. सुरू केला तर मॉनिटरनं ओळखीचं 'टण्ण' केलं, हातावरचे केस काचेच्या दिशेनं उभे राहिले, आणि स्क्रीनवर आलं की हार्ड डिस्क सापडत नाही. आतला सेल मेला की हे जुने कॉम्प्युटर स्वतःच्या पोटात काय आहे तेसुद्धा विसरतात. पुण्याला दादाला व्हिडिओ कॉल लावला. त्यानं मला पत्रा उघडायला लावून हार्ड डिस्कच्या पाठीवरचे आकडे वाचायला लावले, सिलिंडर किती, हेड किती, सेक्टर किती, आणि ते सेटअपमध्ये भरून घेतले. डॉस, म्हणजे विंडोजच्या आधीची ती काळ्या पडद्याची प्रणाली, सुरू झालं. तारीख घालायची तेवढी राहून गेली. त्यामुळे आमच्या डायनिंग टेबलावर १ जानेवारी १९८० उजाडला.

आणि 'किल्ला' तिथंच होता.

खेळाचं खरं नाव इंग्रजीत होतं, लांबलचक आणि भारदस्त; ते आमच्या घरात कुणी कधी उच्चारलं नाही. दादाच्या मित्रानं एका मासिकाच्या सीडीवरून तो फ्लॉपीवर उतरवला होता आणि दादानं ती फ्लॉपी कंपासपेटीत घालून घरी आणली होती. अख्खा खेळ एका फ्लॉपीत, म्हणजे १.४४ एमबीत मावून वर जागा उरायची. फाइलवरची तारीख १४ नोव्हेंबर १९९९, दिवाळीच्या सुट्टीतला रविवार. तो शेअरवेअर होता. सुरू करताना दरवेळी एक पाटी यायची: तुम्ही हा खेळ इतके दिवस वापरत आहात, आवडला असल्यास दहा डॉलर पाठवून नोंदणी करा. भंगारवाला आला त्या दिवशी पाटीवर आकडा आला उणे ७२५७. बिचाऱ्यानं हिशोब चोख केला होता. आजची तारीख १९८०, खेळ आला १९९९ साली, म्हणजे खेळ येण्याच्या जवळजवळ वीस वर्षं आधीपासून आम्ही तो फुकट खेळत होतो. इतकी जुनी उधारी आमच्या किराणावाल्याच्या वहीतही नसेल.

आता खेळाबद्दल. परीक्षक म्हणून बसायचंच तर आधी दोष सांगते, कारण ते भरपूर आहेत.

पडदा ३२० बाय २०० ठिपक्यांचा. त्यात डावीकडे बुरूज, मध्ये मैदान, उजवीकडून शत्रू. शत्रू फक्त उजवीकडूनच येतो. मागून, खालून, रात्री दोर लावून वगैरे काही त्याला सुचत नाही. शिपायांचे चेहरे म्हणजे गव्हाळ रंगाचे दोन ठिपके. आवाजाचं तर विचारूच नका. साऊंड कार्ड आमच्याकडे नव्हतं, त्यामुळे जे वाजायचं ते डब्यातल्या स्पीकरमधून: तोफ 'टुक', बाण 'टिक', आणि किल्ला पडला की उतरत्या सुरातलं 'टुई'. ते ऐकून शेजारच्या काकू विचारायच्या, "प्रेशर कुकरची शिट्टी बिघडलीय का हो तुमच्या?"

पण एक गोष्ट त्या करणाऱ्याला साधली होती. दर हल्ल्यानंतर हातात थोडी नाणी यायची, आणि ती कधीच पुरायची नाहीत. तटाला भगदाड पडलंय ते बुजवायचं, की नवीन तिरंदाज ठेवायचा, की चार हल्ले पैसे साठवून तोफ घ्यायची? एवढाच काय तो खेळ. पुढं कळलं की अटारी कंपनीच्या 'रॅम्पार्ट' या खेळात, १९९० साली, हीच गंमत होती. आधी तोफा डागायच्या आणि मग ठरावीक वेळात तट दुरुस्त करायचा, नाहीतर खेळ संपला. आज माझ्या मुलीच्या फोनवर बुरूज बांधायचे असे चार खेळ आहेत, रंगीत, झगमगीत. त्यात नाणी संपली की जाहिरात बघायची, नाणी परत मिळतात. म्हणजे टंचाईच नाही. टंचाई नसेल तर किल्ला लढवायचा कशासाठी?

दुसरा गुण खेळाचा नव्हे, आमच्या कॉम्प्युटरचा. त्या काळातले पुष्कळ खेळ प्रोसेसरच्या वेगावर पळायचे. जेवढा कॉम्प्युटर वेगवान तेवढा शत्रू वेगवान. दादाच्या मित्राकडे पेंटियम होता. त्यावर 'किल्ला' लावला की शिपाई उजवीकडे दिसले न दिसले तोच दरवाज्यात असायचे. म्हणून तो आमच्याकडे येऊन खेळायचा. आपल्या जुन्या डबड्याकडे कुणी हेव्यानं बघतंय, हे सुख आम्हाला त्या एकाच खेळानं दिलं. शिवाय ते टर्बो बटण. नाव टर्बो, पण ते होतं जुन्या खेळांसाठी कॉम्प्युटर हळू करायला. सातव्या हल्ल्यात शिडीवाले तटाला भिडले की दादा गुपचूप बटण दाबायचा, ६६ चे ३३ व्हायचे, आणि शत्रू जत्रेत फिरायला आल्यासारखा रमतगमत चालायला लागायचा. आई याला रडीचा डाव म्हणायची. मीही म्हणायचे, माझी पाळी येईपर्यंत.

दहावा हल्ला परतवला की मात्र सगळं थांबायचं. पुढचा किल्ला, पुढची तोफ, उकळतं तेल, हे नोंदणी केलेल्यांसाठी. सोबत एक फॉर्म होता. तो छापून, भरून, अमेरिकी बँकेवरचा चेक जोडून पाठवायचा.

ही पद्धत कुठून आली ते मी नंतर कधीतरी वाचलं. १९८२ मध्ये अमेरिकेत अँड्र्यू फ्लुगेलमन आणि जिम नॉफ या दोघांनी, एकमेकांना न ओळखता, आपापले प्रोग्रॅम लोकांना वाटून टाकले आणि सांगितलं, आवडलं तर पैसे पाठवा. पुढं बॉब वॉलेसनं आपल्या लिहायच्या प्रोग्रॅमबरोबर 'शेअरवेअर' हा शब्द रूढ केला. आपल्याकडे यात नवीन काही नाही. द्राक्षांच्या दिवसांत गंगापूर रोडला हातगाडीवाला म्हणतोच की, "चाखून तर बघा ताई." फरक इतकाच की तो समोर उभा असतो. चार मणी खाऊन, तोंड आंबट करून, "उद्या बघते" म्हणत निघायला एक वेगळी छाती लागते. शेअरवेअरवाल्यानं गाडी रस्त्यात सोडली होती आणि स्वतः सात समुद्रापलीकडे जाऊन बसला होता.

पैसे बुडवायचे आमच्या मनात नव्हते, हे मात्र खरं. दादानं फॉर्म छापून आणला, डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर, कडेला भोकं असलेल्या कागदावर, आणि बाबांपुढे ठेवला. बाबा नाशिकरोडला नोटांच्या प्रेसमध्ये. करन्सी नोट प्रेस १९२८ पासूनची; देशभरच्या नोटा जिथं छापल्या जातात तिथला माणूस. त्यांनी चष्मा लावून फॉर्म वाचला. डॉलर तेव्हा त्रेचाळीस रुपयांच्या आसपास होता, म्हणजे चारशे तीस. चारशे तीस रुपये होते. ते डॉलर होऊन अमेरिकेला जायची वाट आमच्या घरातून निघत नव्हती. क्रेडिट कार्ड नाही, परदेशात कुणी नाही. "आयुष्य नोटा मोजण्यात गेलं," बाबा म्हणाले, "पण ही नोट आपल्या खात्यातली नाही रे." आणि फॉर्मच्या मागच्या कोऱ्या बाजूवर त्यांनी लाईट बिलाचा हिशोब केला.

मग दहा हल्ल्यांचाच किल्ला आम्ही वर्षानुवर्षं लढवला. पुढचं बंद असल्यानं असेल, पण तेवढ्याच मैदानात आम्ही तरबेज झालो. त्याच सुमारास शाळेची सहल रामशेजला गेली. दिंडोरी तालुक्यातला हा किल्ला तसा दिसायला बेताचाच. अर्ध्या-पाऊण तासात वर. आणि त्यावर १६८२ पासून पाच-एक वर्षं मोगल फौज अडकून पडली. सर सांगत होते, गडावर धड तोफा नव्हत्या, तर लाकडाच्या तोफा करून त्यावर कातडी चढवली म्हणतात. मोगल सरदार शहाबुद्दीन खानानं खालून मारा करायला लाकडी दमदमा, म्हणजे उंच मचाण, उभारला. बाकीची पोरं माकडांना चणे घालत होती आणि मी मनात भाव लावत होते: लाकडी तोफ किती नाण्यांना पडली असेल, भगदाड आधी बुजवलं असेल की तोफ आधी? शेवटी गड लढून गेला नाही, पैसे चारून गेला असं सांगतात, हे ऐकल्यावर मला आमचा दहावा हल्ला आठवला. इथंही दरवाजा पैशानंच उघडला होता.

घरात सगळ्यात चांगलं कोण खेळायचं? दादा तोफांच्या मागे, मी तिरंदाजांच्या. आम्ही दोघंही सातव्या-आठव्याला पडायचो. दहाव्यापर्यंत टर्बोविना जायची ती फक्त आई. दुपारी स्वयंपाकघर आवरलं की यायची, चश्म्याच्या वरून बघत एका बोटानं बटणं दाबायची. ती तोफ कधी घ्यायचीच नाही. प्रत्येक हल्ल्यानंतर आधी तट, मग दरवाजा, मग उरलं तर एखादा तिरंदाज, आणि चार नाणी कायम शिल्लक. दादा चिडायचा, "अगं, तोफ घे ना! पैसे आहेत!" आई म्हणायची, "पैसे आहेत म्हणून घ्यायची? गळतं छप्पर आधी."

मी उणे ७२५७ ची पाटी हसत हसत बंद केली, तेवढ्यात आई खुर्ची ओढून शेजारी बसली.

"सरक जरा."

बोट आता थोडं कापतं, पण पद्धत तीच. तट, दरवाजा, तिरंदाज, चार नाणी बाजूला. तिसऱ्या हल्ल्यात शिड्या आल्या, सहाव्यात ओंडका घेऊन दार फोडणारे. आठव्यात एक बुरूज जवळजवळ गेलाच. मी न राहवून टर्बोकडे हात नेला तर तिनं तो बाजूला सारला. दहावा हल्ला अर्धा संपत आला तोच दारावरची बेल वाजली. भंगारवाला होता, तराजू घेऊन.

"टुक, टुक," डबा वाजत राहिला. शेवटचा शिपाई मैदानात पडला आणि तो फॉर्म स्क्रीनवर उघडला. आईनं चष्मा नीट केला आणि खालपर्यंत वाचून काढला.

"अजून दहाच डॉलर आहेत गं," ती म्हणाली. "इतक्या वर्षांत भाव वाढवला नाही माणसानं."

भंगारवाला दारातून आत डोकावत होता. आईनं मान न वळवता त्याला सांगितलं, "पुढच्या रविवारी या तुम्ही. आणि पेपरची रद्दी आहे, ती घेऊन जा आज."