मूठभर दादर आणि बाईंची वही

शाळेच्या अमृतमहोत्सवाचं पत्र आलं तेव्हा मी सुरतेला मुलीकडे होतो. तिने पत्राचा फोटो फोनवर दाखवला आणि म्हणाली, "पप्पा, तुमच्या शाळेचं आहे, आठवणी लिहून मागितल्यात." त्या रात्री झोप लागली नाही. पत्रात विषय बरेच सुचवले आहेत, क्रीडांगण, स्नेहसंमेलनं, निकालाची परंपरा. त्यावर इतर लोक लिहितीलच. मला बाईंवरच लिहायचं आहे.

बाई म्हणजे कोण, हे आपल्या शाळेत कुणाला सांगावं लागत नाही. बाकीच्या शिक्षिकांना आपण आडनावाने हाक मारायचो, बाई मात्र नुसत्या बाई. त्या नगरकडच्या. नगर जिल्ह्यात जेझुइट, म्हणजे येशू संघाच्या, फादरांचं काम फार जुनं आणि गावोगाव त्यांचे मास्तर असत. मास्तर म्हणजे आठवडाभर शाळा शिकवायची आणि रविवारी फादर पोहोचले नाहीत तर चर्चमध्ये प्रार्थनाही चालवायची. बाईंचे वडील असेच मास्तर होते. खानदेशात आल्यावर बाईंना पहिली गोष्ट खटकली ती ही, की इथे आपण कॅथलिक फारच थोडे. मिशन म्हटलं की लोकांना नवापूर-चिंचपाड्याकडचा दवाखाना आठवतो, तो प्रॉटेस्टंट मंडळींनी उभा केलेला. आपल्याकडे मिस्सा, म्हणजे फादरांनीच चालवायची मुख्य उपासना, महिन्यातून दोनदा व्हायची. पावसाळ्यात नाल्याला पूर आला की फादरांची जीप पलीकडे उभी राहायची आणि आपण अलीकडे चर्चमध्ये जपमाळ म्हणत बसायचो. बाई म्हणायच्या, "बाहेरून माणूस येणार, मग मिस्सा होणार, असं किती वर्षं चालणार? या बाकांवरून एक तरी उठला पाहिजे."

शनिवारी शेवटच्या तासाला त्या गोष्ट सांगत. एक गोष्ट त्यांनी आम्हाला निदान पाच वेळा सांगितली असेल. फ्रान्समधल्या कान गावात स्तेफानी आणि झान बिगार या मायलेकी राहत. मिशनमधल्या फादरांसाठी कपडे शिवणं, पैसे जमवणं हे त्यांचं काम. जपानमधल्या नागासाकीच्या बिशपांनी त्यांना कळवलं, की धर्मगुरू व्हायला इथली मुलं तयार आहेत, पण त्यांना शिकवायला माझ्याकडे पैसा नाही. त्या पत्रावरून १८८९ साली मायलेकींनी एक निधी सुरू केला. पुढे १९२२ मध्ये पोपमहाशयांनी तो साऱ्या ख्रिस्तसभेचा केला. संत पेत्राच्या नावाने आजही जगभरातल्या सेमिनरींना, म्हणजे धर्मगुरू घडवणाऱ्या शाळांना, मदत जाते, ती त्याच कामातून. गोष्ट संपली की बाई वर्गाकडे बघून म्हणायच्या, "दोन बायका होत्या. हातात सुई होती, बस."

दुसरी गोष्ट आर्सच्या संत जॉन व्हियान्नींची. ती त्या खास माझ्यासाठी सांगत, कारण माझं इंग्रजी फार कच्चं होतं. व्हियान्नींना लॅटिन काही केल्या येईना, परीक्षेत अडकले, घरी पाठवले गेले, तरी १८१५ मध्ये त्यांना धर्मगुरूची दीक्षा मिळाली. नंतर एका खेड्यात चाळीसेक वर्षं ते पापनिवेदन ऐकत बसले आणि लांबलांबून लोक त्यांच्याकडे येत राहिले. बाई एवढंच सांगून थांबायच्या. त्यातून काय घ्यायचं ते त्या सांगत नसत.

मूठ आपल्याकडे सुरू झाली ती त्या मायलेकींच्या गोष्टीतून, असं माझं मत आहे. आता तरुण मुलांना हे ठाऊक नसेल, म्हणून लिहितो. प्रत्येक कॅथलिक घरात डालडाचा एक रिकामा डबा असायचा. दळण चक्कीवर पाठवायच्या आधी आईने त्यातली एक मूठ दादर, म्हणजे आपल्याकडची ज्वारी, डब्यात टाकायची. ज्या घरात बाजरी असेल त्यांनी बाजरी टाकायची. शनिवारी मुलांनी तो डबा शाळेत आणायचा, बाई तो पोत्यात रिकामा करणार, वहीत नाव लिहिणार आणि डबा परत देणार. महिनाअखेरीला पोतं बाजारात जाई आणि पैसे पोस्टाच्या खात्यात. जे लोक सालदारकी करत, म्हणजे वर्षाच्या बोलीवर दुसऱ्याच्या शेतात राबत, ज्यांच्या घरी दळणच चार दिवसांआड होई, तेही मूठ टाकत. माझे वडील सालदार होते. आईची मूठ लहान होती. पण तिने डबा कधी रिकामा पाठवला नाही.

मार्च १९८५ च्या परीक्षेत मी दहावी पास झालो आणि मला सेमिनरीत जायचंय असं बाईंना सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत, नुसता माझा हात धरून उभ्या राहिल्या. मग सेमिनरीतून यादी आली. दोन चादरी, मच्छरदाणी, ताट-वाटी-पेला, दोन पांढरे सदरे, पत्र्याची पेटी. बाईंनी ती यादी घेऊन पंधरा दिवसांत सारी पॅरिश, म्हणजे आपल्या चर्चची सारी घरं, पालथी घातली. मच्छरदाणी स्टेशनच्या क्वार्टरमधल्या गोवेकर मावशींनी दिली. सदऱ्यांचं कापड कुणाचं, शिलाई कुणाची. उशीचा अभ्रा बाईंनी स्वतः शिवला. पेटीला निळा रंग देऊन चित्रकलेच्या सरांनी त्यावर माझं नाव पांढऱ्या अक्षरांत रंगवलं. जूनमध्ये पॅसेंजरने जळगाव आणि तिथून झेलमने पुणं, असा प्रवास होता. स्टेशनवर तीस-चाळीस माणसं जमली होती. आई कुणालाही सांगत होती, "मना पोऱ्या आते देवना." माझा मुलगा आता देवाचा.

सेमिनरीतली तीन वर्षं चांगली गेली, हे मी मनापासून लिहितो. फेब्रुवारी १९८६ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे पुण्याला आले, तेव्हा आम्ही मुलं पहाटेपासून मैदानावर बसून होतो. ते खूप दूर दिसले, पांढरा ठिपकाच, पण त्या दिवशी आमच्यापैकी कुणी भुकेचं नावही काढलं नाही. १५ मे १९८७ रोजी पुणे धर्मप्रांतातून आपला नाशिक धर्मप्रांत वेगळा झाला आणि थॉमस भालेराव पहिले बिशप झाले. मी सुट्टीत घरी होतो. मराठी आडनाव ऐकून बाईंचा चेहरा असा उजळला की मला अजून दिसतो.

आणि मग एप्रिल १९८८ मध्ये मी परत आलो.

कारण एका वाक्यात सांगता येण्यासारखं नव्हतं. माझ्याशी कुणी वाईट वागलं नव्हतं. मौनसाधनेच्या आठ दिवसांत मला हळूहळू कळत गेलं, की मला प्रार्थना आवडते, लोक आवडतात, पण ही वाट माझी नाही. माझे आध्यात्मिक मार्गदर्शक फादर म्हणाले, शोधायलाच तर इथे आणलं होतं, तुला सापडलं, घरी जा. त्यांनी हे प्रेमाने सांगितलं. तरी जळगावच्या फलाटावर रात्र काढताना मला त्या पेटीवरचं पांढऱ्या अक्षरातलं नाव बघवेना. मी ती अक्षरं भिंतीकडे करून पेटी ठेवली. पहाटेच्या पॅसेंजरने आलो आणि मालधक्क्याच्या मागून, शेताच्या बांधाने घरी गेलो. आई भाकर थापत होती. ती म्हणाली, "उना का भाऊ?" म्हणजे, आलास का, आणि पुढची भाकर तव्यावर टाकली.

आठ दिवस मी घराबाहेर पडलो नाही. मधल्या रविवारी चर्चलाही गेलो नाही. नवव्या दिवशी पाचवीतला एक मुलगा चिठ्ठी घेऊन आला. बाईंचं अक्षर. "वार्षिक परीक्षेचे पेपर तपासायला हात कमी पडतोय. संध्याकाळी ये."

माझ्याजवळ १४० रुपये होते. ते पाकिटात घालून मी गेलो. मनात ठरवलं होतं, एवढे आता द्यायचे आणि बाकीचे शेतात कामाला जाऊन फेडायचे. बाई शाळेच्या मागच्या खोलीत बसल्या होत्या, तीच खोली, जिच्या खिडकीला कडुलिंबाची फांदी घासायची. त्यांनी माझ्याकडे सहावीच्या गणिताचा गठ्ठा सरकवला. आम्ही दोन तास पेपर तपासले. वीज गेली, त्यांनी कंदील लावला. का आलास, काय झालं, पुढे काय, यातला एकही प्रश्न त्यांनी विचारला नाही. बेरीज चुकली की म्हणत, "परत बघ," एवढंच.

गठ्ठा संपल्यावर मी पाकीट पुढे केलं. म्हणालो, "बाई, हे वहीत जमा करा. लोकांनी माझ्यावर खर्च केलाय."

त्यांनी कपाटातून वही काढली. निळ्या पुठ्ठ्याची, दोनशे पानी. माझं पान उघडलं. वर माझं नाव आणि त्याखाली सगळं लिहिलेलं. दादर किती, बाजरी किती, मच्छरदाणी, सदरे, अभ्रा, कुणी दोन रुपये दिले, कुणी पाच. त्यांनी पानाच्या डोक्यावर बोट ठेवलं. "काय लिहिलंय वाच."

तिथे लिहिलं होतं, "दिलं."

"उधार असं लिहिलंय का कुठे?" बाई म्हणाल्या. "हे देवाला दिलेलं आहे. तू मधला हमाल होतास, तू तुझं ओझं नीट वाहिलंस. देवाला दिलेलं परत घ्यायचा हक्क मला नाही, आणि तुला फेडायचाही नाही." मग त्यांनी पाकीट माझ्या सदऱ्याच्या खिशात घातलं आणि म्हणाल्या, "उद्यापासून बोर्डिंगच्या मुलांची रात्रीची अभ्यासिका तू घे. रविवारी चर्चमध्ये बायबलचं पहिलं वाचन तुझं आहे, पाठ करून ये."

मी त्या रविवारी वाचन केलं. पहिल्या दोन ओळींना आवाज थरथरला. समोर बाई बसल्या होत्या, पुस्तकात डोकं घालून, माझ्याकडे न बघता. त्या मुद्दाम बघत नव्हत्या, हे मला बऱ्याच वर्षांनी कळलं.

त्याच जूनमध्ये आपल्या शाळेतला आणखी एक मुलगा सेमिनरीत निघाला. बाई म्हणाल्या, पेटी तुझीच देऊ या, चांगली आहे. चित्रकलेच्या सरांनी माझ्या नावावर निळा रंग फिरवला आणि त्याचं नाव काढलं. जळगावपर्यंत ती पेटी डोक्यावरून मी नेली. तो मुलगा तत्त्वज्ञान, मधली सेवेची वर्षं, ईश्वरज्ञान असं सारं पार करून २००० साली धर्मगुरू झाला. दीक्षेच्या दिवशी तो वेदीसमोर पालथा पडून होता आणि आपण सारे संतांची विनवणीमाला गात होतो. नंतर बिशपांनी त्याच्या तळहातांना पवित्र तेल लावलं. ते तेल पुसलेला पांढरा कापडाचा पट्टा आईला द्यायची जुनी प्रथा आहे. आई तो जपून ठेवते आणि ती गेली की तिच्या हातात देऊन पुरतात. त्या मुलाच्या आईने तो दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला आणि आधी बाईंच्या हातात दिला. बाईंनी क्षणभर धरून परत केला. बाईंना मूलबाळ नव्हतं.

मी पुढे बँकेत लागलो, शाखाधिकारी म्हणून निवृत्त झालो. मुलगी सुरतेला नर्स आहे, मुलाने गावाकडची विहीर खोल करून ठिबकवर केळी लावली आहे. देवाच्या कृपेने काही कमी नाही. धर्मगुरू व्हायला देवाचं बोलावणं येतं त्याला आपण पाचारण म्हणतो; अकरा वर्षं मी पॅरिशच्या पाचारण समितीचा खजिनदार आहे, आणि आमच्या मदतीवर आज दोन मुलं शिकताहेत. ईस्टरच्या पुनरुत्थानकाळाच्या चौथ्या रविवारी, उत्तम मेंढपाळाच्या रविवारी, आम्ही खास वर्गणी काढतो. १९६४ साली पोप पॉल सहावे यांनी हा दिवस पाचारणाच्या प्रार्थनेसाठी सुरू केला. हल्ली वर्गणी फोनवरून येते, आकडा मोठा असतो, हिशेब सोपा जातो. पण डबे गेले, याचं मला फार वाईट वाटतं. शनिवारी सहावीतलं पोर डबा छातीशी धरून शाळेत यायचं, तेव्हा त्याला ठाऊक असायचं की आपल्या घरातून काहीतरी देवाकडे चाललंय. आता ते आईबापांच्या फोनमधून जातं, मुलाला पत्ताही नसतो. बोर्डिंग बंद झालं. तरुण मुलं कामासाठी वापी, सुरत, पुण्याला गेली. घरात एकच मुलगा, मग तो देवाला कसा द्यायचा, असं आई-वडील मला विचारतात. त्यांच्यावर रागवावं असं मला वाटत नाही. मी त्यांना एवढंच विचारतो, की मुलाने कधी हा विषय काढला तर तुम्ही त्याचं ऐकून घ्याल ना? आणि गेलेलं पोर परत आलं, तर त्याला दुसऱ्या रविवारी वाचन द्याल ना? समितीच्या पहिल्याच बैठकीत मी हे लिहून घेतलं आहे. परत आलेल्या मुलाला कुणी कारण विचारायचं नाही.

बाई गेल्या त्याच्या आदल्या वर्षी त्यांनी मला बोलावून वही दिली. शेवटची बरीच पानं कोरी आहेत. अमृतमहोत्सवाच्या दिवशी मी ती घेऊन येणार आहे आणि मुख्याध्यापकांनी परवानगी दिली आहे, म्हणून मागच्या खोलीत, बाईंच्या टेबलावरच ठेवणार आहे. तुमच्या आजीने, आईने कुठल्या शनिवारी किती दादर दिली, ते बहुतेकांना त्यात सापडेल. बायकांची नावं बाईंनी पूर्ण लिहिली आहेत, नवऱ्याच्या नावाशिवायही. येऊन बघा. पानं उलटताना थोडं जपा, मधली शिवण उसवली आहे.