राणी कच्च्यावर आली, चिकू नाही

आमच्या कुत्रीला, राणीला, कच्च्या मांसावर आणायचं ठरलं तेव्हा घरात पहिला वाद झाला तो फ्रीजवरून. सासूबाई माळकरी. शेवटी जुना छोटा फ्रीज दुरुस्त करून जिन्याखाली ठेवला. पातेलं, सुरी, पाट सगळं वेगळं. श्रावणात घरात अंडंसुद्धा फुटत नाही, पण राणीचे डबे चालतात, अशी तडजोड झाली.

आमचे डॉक्टर फारसे खूश नव्हते. साल्मोनेला, ई-कोलायसारखे जंतू कच्च्या मांसात असतात, गोठवल्यावर ते मरतातच असं नाही, आणि कुत्रं ठणठणीत दिसत असलं तरी त्याच्या शी-लाळेतून ते घरात पसरतात. लहान मूल, गरोदर बाई किंवा केमो चालू असलेलं माणूस घरात असेल तर हा नाद नकोच, असं त्यांचं स्पष्ट म्हणणं. आमच्याकडे तसं कुणी नव्हतं, म्हणून ते तयार झाले. त्याआधी रक्ततपासणी आणि जंताचं औषध.

राणी गावठी, १८ किलोची. पूर्ण वाढलेल्या कुत्र्याला रोज वजनाच्या साधारण २ ते ३ टक्के खाणं, म्हणजे तिला साडेचारशे ग्रॅम. त्यात ८० टक्के मांस, १० टक्के हाड, १० टक्के आतले अवयव आणि त्यातलं निम्मं काळीज, म्हणजे यकृत. काळीज स्वस्त मिळतं म्हणून वाढवायचं नाही, जीवनसत्त्व अ जास्त झालं की त्रास होतो. बाकी निम्म्यात गुरदा वगैरे. पेटा (कोंबडीचं जठर) आणि हृदय मात्र मांसातच धरायचं. चिकनवाल्या भाऊंना हे सांगितल्यावर ते म्हणाले, "वहिनी, माणसांनाबी एवढं मोजून देत नाही आम्ही."

दूध-भाकरीवर वाढलेल्या राणीने कच्चा तुकडा हुंगला आणि सरळ निघून गेली. मग तापलेल्या तव्यावर खिमा नुसता उलटापालटा केला, बाहेरून रंग बदलेपर्यंत. तो तिने चाटूनपुसून खाल्ला. हळूहळू तव्यावरचा वेळ कमी करत नेला. हाड म्हणून कोंबडीची मान. एक टोक मी हातात धरून ठेवायचे, नाहीतर ती अख्खी गिळायची. हाड द्यायचं तर कच्चंच, शिजवलेल्याच्या अणकुचीदार किरच्या होतात. बोकडाची नळीही नको, दात तुटतो. आणि रोज शी बघायची. पांढरी, खडूसारखी झाली तर हाड जास्त झालं. पातळ झाली तर बऱ्याचदा हाड कमी किंवा काळीज जास्त. मला तरी तक्त्यापेक्षा हीच खूण जास्त उपयोगी पडली.

मेंढी-बोकडाचं काळीज आणि फुप्फुस मी कच्चं देतच नाही. त्यात पाण्याने भरलेले फोड असू शकतात. ते कुत्र्याच्या पोटात गेले की पट्टकृमी होतो आणि त्याची अंडी माणसाला बाधतात. चिकनवालेही कधी कधी 'घ्या, कुत्र्यालाच तर द्यायचंय' म्हणून शिळा माल सरकवतात. तो घ्यायचा नाही.

चिकू, आमचं लॅब्राडोरचं पिल्लू, मधेच घरात आलं आणि मला वाटलं, आता दोघांचा एकच स्वयंपाक. डॉक्टरांनी तिथे हात जोडले. वाढत्या पिल्लाला वजनाच्या मानाने बरंच जास्त खाणं लागतं आणि त्यात कॅल्शियम-फॉस्फरसचं प्रमाण साधारण १.२ ते १.४ ला १ असावं लागतं. नुसत्या मांसात फॉस्फरस भरपूर, कॅल्शियम नावाला. उलट हाडं जास्त झाली तरी पंचाईत, कारण लहान पिल्लाचं शरीर जादा कॅल्शियम अडवू शकत नाही. मोठ्या जातीत मग हाडंच वेडीवाकडी वाढतात. घरच्या वजनकाट्यावर हा मेळ बसवायची माझी तयारी नव्हती. चिकू मोठ्या जातीच्या पिल्लांसाठीचं कोरडं खाणं खातो आणि राणीच्या ताटलीकडे बघून लाळ गाळतो. त्यामुळे दोघांची जेवणं वेगवेगळ्या खोल्यांत, दार लावून.

पावसाळ्यात लाइट गेली की खरी धावपळ. बर्फ सुटलेलं मांस मी परत गोठवत नाही. अजून गार असेल तर हाडं काढून शिजवते, कोमट झालं असेल तर सरळ फेकते. सासरे त्या दिवशी खुशीत असतात, कारण शिजवलेल्या रश्श्यात भाकरी कुस्करून राणीला देता येते.