डकवीड वेगळी करताना: मुळं, शिरा आणि पोट

डकवीड म्हणजे साचलेल्या पाण्यावर तरंगणारी इवली वनस्पती. तिच्या जाती वेगळ्या ओळखताना माझी एक पद्धत पक्की झाली. तळ्यातून आणलेल्या पाण्यावरचा हिरवा थर बघून जातीचं नाव लिहायचं नाही. आधी एकच फ्राँड, म्हणजे तिचं पानासारखं तरंगणारं अंग, उचलायची, स्वच्छ भांड्यात एकटी सोडायची आणि तिची वाढ होऊ द्यायची. डकवीड बहुतेक वेळा फुलांवाचूनच वाढते; आईच्या कडेच्या खोबणीतून लेक बाहेर येते, तिच्यातून तिची लेक. त्यामुळे एका फ्राँडपासून झालेली सगळी प्रजा एकाच वाणाची असते. परिस्थिती मानवली तर दोन-तीन दिवसांत संख्या दुप्पट होते, म्हणजे फार थांबावंही लागत नाही. तळ्यातल्या थरात दोन-तीन जाती सर्रास मिसळलेल्या असतात, आणि त्या मिश्रणाकडे कितीही वेळ बघितलं तरी डोळा त्यांची सरासरीच काढतो.

दुसरं, सगळ्या भांड्यांना उजेड आणि खत सारखं. अन्न कमी पडलं की फ्राँड लहान राहतात, मुळं लांबतात आणि खालची बाजू जांभळी पडू लागते. उपाशी भांड्यातली लेम्ना मायनर (डकवीडची एक जात) आणि खाऊनपिऊन सुखी असलेली लेम्ना मायनर शेजारी ठेवल्या तर दोन जाती वाटाव्यात, इतका हा फरक असतो. आकार आणि रंग यांवर भरवसा ठेवायचा तर तो सारख्या परिस्थितीत वाढवल्यावरच.

आता मुळं. भिंगाखाली फ्राँड उलटी केली की पहिली विभागणी तिथेच होते. एकही मूळ नाही, एकच मूळ, की मुळांचा झुबका?

झुबका असेल तर स्पायरोडेला पॉलिरायझा किंवा लँडोल्टिया पंक्टाटा. स्पायरोडेला गोलसर, सेंटीमीटरभरापर्यंत वाढणारी, साधारण 7 ते 21 मुळं, खालची बाजू बहुधा गर्द लालसर जांभळी. लँडोल्टिया लांबट, मुळं दोन ते सात. ही पूर्वी स्पायरोडेलातच गणली जायची; 1999 मध्ये तिच्यासाठी वेगळी प्रजाती (जीनस) केली आणि डकवीडच्या अभ्यासात हयात घालवलेल्या एलियास लँडोल्ट या स्विस वनस्पतिशास्त्रज्ञाचं नाव तिला दिलं. मुळं मोजून शंका उरली तर स्पायरोडेलाची कसोटी माझ्या आवडीची आहे: फॉस्फेट संपत आलं किंवा थंडी वाढली की ती ट्युरियन बनवते. हे छोटे, गडद, पिठूळ साठ्याने जड झालेले कोंब तळाशी जाऊन बसतात आणि दिवस पालटले की वर येऊन वाढू लागतात. लँडोल्टियात असे बुडणारे ट्युरियन होत नाहीत.

एकच मूळ असेल तर लेम्ना, आणि खरी कसोटी इथून सुरू होते.

शिरा बघायला जिवंत हिरवी फ्राँड फारशी उपयोगाची नाही. ती स्पिरिटमध्ये बुडवून ठेवायची, हिरवा रंग उतरून ती पांढुरकी पारदर्शक होते. मग काचपट्टीवर घेऊन खालून उजेड सोडायचा. एकच शीर दिसली तर लेम्ना मिन्युटा किंवा लेम्ना वाल्डिव्हियाना. मिन्युटात ती शीर आखूड असते, मूळ फुटतं त्या गाठीपासून टोकापर्यंतच्या अंतराच्या साधारण दोन-तृतीयांशावर विरते. वाल्डिव्हियानात ती तीन-चतुर्थांशाच्या पुढे जाते आणि फ्राँडही सडपातळ असते. एका फ्राँडवर निकाल देऊ नये. एकाच वाणाच्या बऱ्याच पूर्ण वाढलेल्या फ्राँड बघितल्या तर कल कुठे आहे ते कळतं. कोवळ्या फ्राँड या मोजणीत घ्यायच्याच नाहीत.

तीन किंवा जास्त शिरा दिसल्या तर मुळाच्या बुडाशी असलेलं आवरण बघायचं. त्याला दोन बाजूंना पातळ पंख असतील आणि मुळाचं टोक अणकुचीदार असेल, तर लेम्ना इक्विनॉक्शिॲलिस किंवा पर्पुसिला. या दोघींत बियांची खात्री मोठी: पर्पुसिलाच्या बीवर बारीक कंगोरे दाटीने असतात, इक्विनॉक्शिॲलिसच्या बीवर ते मोजके आणि ठळक. त्यासाठी अर्थात फुलं यायला हवीत. आवरण बिनपंखी आणि मुळाचं टोक बोथट असेल तर आपण मायनर, गिब्बा, ट्युरिओनिफेरा या मंडळींत आलो.

गिब्बा पोटावरून ओळखतात, आणि फुगलेली असेल तर ओळख सोपी आहे. खालची बाजू फुग्यासारखी टम्म. पण गिब्बा नेहमी फुगत नाही. सपाट गिब्बा आणि मायनर यांच्यात घोळ होतो तो इथेच. शिरांची संख्याही पुरत नाही, कारण गिब्बात चार-पाच शिरा असतात तरी मायनरमध्येही कधी कधी तेवढ्या निघतात. मला सर्वांत विश्वासाचं वाटतं ते हवेच्या पोकळ्यांचं माप. खालून उजेड दिला की त्या जाळीसारख्या दिसतात. मायनरमधली सर्वांत मोठी पोकळी 0.3 मिलिमीटरच्या आत राहते, गिब्बात ती त्याच्या पुढे जाते. मोजपट्टी असलेलं सूक्ष्मदर्शकाचं भिंग याच एका कामासाठी घेतलं तरी ते सार्थकी लागलं म्हणावं.

ट्युरिओनिफेराच्या पाठीवर मधल्या रेषेत बारीक उंचवट्यांची रांग असते, खालून लाली गाठीपासून पसरते आणि ती ट्युरियन करते. मायनर ट्युरियन करत नाही. हे दोन टोकांचे नमुने सरळ आहेत. मधली आहे लेम्ना जापोनिका. 2021 मध्ये जनुकीय खुणांवरून दिसून आलं, की ती मायनर आणि ट्युरिओनिफेरा यांचा संकर आहे. तेव्हापासून तिची लक्षणं दोघींच्या मध्ये का पडतात ते कळलं, आणि भिंगाखाली तिला खात्रीने वेगळं काढायची आशा मी सोडली. माझ्या चिठ्ठीवर अशा वाणांना ‘मायनर गट’ एवढंच नाव आहे. खोटी खात्री लिहून पुढच्या वाचकाला फसवण्यापेक्षा हे बरं.

बिनमुळांची डकवीड म्हणजे वोल्फिया, आणि ती ओळखणं ही निराळीच साधना आहे. ती वरून बघायची आणि बाजूनेही, कारण पाठ सपाट आहे की गोल हे बाजूनेच कळतं. ग्लोबोसा 0.4 ते 0.8 मिलिमीटर आणि पारदर्शक हिरवी. अर्‍हायझा दीड मिलिमीटरपर्यंत जाते आणि रंगाने गडद, अपारदर्शक. ब्रासिलिएन्सिस आणि बोरिॲलिस यांच्या मेलेल्या फ्राँडवर तपकिरी ठिपके दिसतात, कोलंबियानात नाहीत. म्हणून प्रत्येक वाणाच्या थोड्या फ्राँड मी काचपट्टीवर सुकवून ठेवतो. जिवंत नमुन्यात जे लपलेलं असतं ते तिथे आपसूक उघड होतं.

सध्या एक भांडं थंड जागी ठेवलंय. तीन शिरा, बिनपंखी आवरण, गाठीपाशी फिकट लाली, पाठीवरची रांग अर्धीमुर्धी. खताचं पाणी पातळ केलंय. तळाशी ट्युरियन उतरले तर मायनर बाद होईल. नाही उतरले तर मायनर की जापोनिका हा प्रश्न तसाच राहील आणि चिठ्ठीवर ‘मायनर गट’च लिहिलं जाईल.