अंजीर चाखायचं मार्चमध्ये, काडी न्यायची ऑक्टोबरमध्ये

आंबा आढीत पिकतो, चिकू पोत्यात पिकतो. अंजीर फक्त झाडावर पिकतं. तोडल्यावर ते मऊ पडतं, रंगही थोडा चढतो, पण गोडी जिथल्या तिथेच राहते. गाडीचा प्रवास सोसावा म्हणून दोन-तीन दिवस आधी तोडलेलं फळ ज्यांनी खाल्लं, त्यांना अंजीर पाणचट वाटलं तर त्यात त्यांची काही चूक नाही. त्यांनी अंजीर खाल्लेलंच नसतं. म्हणून अंजीर लावणाऱ्या लोकांनी वर्षातून एकदा कुणाच्या तरी बागेत जमावं, त्याच पहाटे तोडलेली फळं समोर ठेवावीत आणि चाखून ठरवावं, असं मला फार मनापासून वाटतं.

मराठवाड्यात तर याची गरज जास्त आहे. दौलताबादचं नाव अंजिराशी जुनं जोडलेलं. ‘दिनकर’ हे वाण दौलताबादच्याच अंजिरातून निवडून काढलेलं. पण पुरंदरसारखी सलग बागायत आपल्याकडे नाही. पुरंदरच्या अंजिराला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. आपली झाडं विहिरीच्या काठावर, बांधावर, वाड्याच्या परसात एकेकटी उभी आहेत. बहुतेकांचं नाव कुणाला ठाऊक नाही. रोपवाटिकेतून आलेल्या रोपावरची चिठ्ठीही दरवेळी खरी निघतेच असं नाही. अशा वेळी नावावर विसंबून काडी, म्हणजे लावायला कापलेला फांदीचा तुकडा, मागण्यापेक्षा जिभेवर विसंबून झाड निवडलेलं बरं.

अडचण एवढीच की फळ आणि काडी यांचे हंगाम वेगळे. आपल्याकडे मीठा बहार, म्हणजे उन्हाळ्याच्या तोंडाचं पीक, धरायचा तर छाटणी सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत होते आणि फळं फेब्रुवारी ते एप्रिल पिकतात. खट्टा बहाराच्या, म्हणजे पावसाळी पिकाच्या, झाडाला पावसाळा झेलावा लागतो, तांबेरा रोग पानं झाडून टाकतो, पानांशिवाय फळात साखर कुठून भरणार? म्हणून चाखायला मीठा बहारच. मार्चचा दुसरा-तिसरा आठवडा उत्तम: फळ भरात असतं आणि ऊन अजून चाळिशीला टेकलेलं नसतं. त्या दिवशी आवडलेल्या झाडाला खूण बांधायची. काड्या मात्र ऑक्टोबरच्या छाटणीत घ्यायच्या. फळांनी लदलेल्या झाडाची फांदी मार्चमध्ये तोडली तर मालकाचं नुकसान होतंच, वर ती कोवळी, पानांनी भरलेली काडी उन्हाळ्यात वाळून जाते.

मेळाव्याच्या आधीचे दहा दिवस यजमानासाठी महत्त्वाचे. पाणी रोजच्यासारखं, ठिबकने, थोडं थोडं चालू ठेवावं. पाहुणे येणार म्हणून आदल्या दिवशी मोकळं पाणी सोडलं की पिकत आलेली फळं तडकतात आणि गर पातळ होतो. पाणी एकदम तोडून पुन्हा दिलं तरी तेच. फळमाशी, मुंग्या, पाखरं यांसाठी निवडक फांद्यांना मच्छरदाणीच्या कापडाच्या पिशव्या बांधाव्यात. अंजीर सालीसकट खाल्लं जातं, त्यामुळे ज्या झाडावर फवारणी झाली आहे आणि औषधाचा काढणीपूर्व काळ (फवारणीनंतर फळ तोडायला थांबायचे दिवस) उलटलेला नाही, त्याचं एकही फळ ताटात येऊ नये. इथ्रेल मारून रंग आणलेलं फळही नको. ते दिसायला पिकलेलं असतं, पण चाखून कळतं ते औषध, झाड नाही.

पिकलेलं फळ ओळखायला रंगावर जाऊ नका. डायना या वाणाचं फळ पिकलं तरी हिरवट-पिवळंच राहतं. पुणेरी अंजीर जांभळट होतं, पण तेही उन्हाच्या बाजूला आधी रंगतं. खरी खूण मानेत आहे. कच्चं फळ फांदीवर ताठ उभं असतं, पिकलं की मान टाकून खाली लोंबतं. बोटांत धरलं तर कानाच्या पाळीसारखं लुसलुशीत लागतं. सालीवर बारीक पांढरट चिरा उमटतात. देठ मोडल्यावर दुधासारखा चीक टपटपला तर ते फळ दोन दिवस आधी तोडलं गेलं असं समजा.

तोडणी पहाटे, देठासकट, देठाला किंचित पीळ देऊन. वाहतुकीला अंड्यांचा कागदी ट्रे इतका चांगला की दुसरं काही सुचवावंसं वाटत नाही: एका खणात एक फळ, डोळा (देठाच्या विरुद्ध टोकाचं छिद्र) वर, देठ खाली. डोळा खाली ठेवला तर पिकलेल्या फळातला मधासारखा रस गळून ट्रे चिकट होतो आणि मुंग्या वाटेतच चढतात. परडीत रास केली तर तळची फळं दाबून आंबतात. प्रत्येक झाडाची ८ ते १० फळं पुरतात. बर्फात ठेवून आणू नयेत. गार फळाची गोडी जिभेला कमी लागते, आणि बाहेर काढल्यावर त्याला घाम सुटतो.

ताटं क्रमांकाने मांडावीत. मालकाचं आणि वाणाचं नाव एकाच माणसाच्या वहीत असावं, तेही शेवटी उघडायचं. हा नियम मी फार महत्त्वाचा मानतो. ‘ही डायना’ म्हटलं की लोक मोठं फळ शोधतात, ‘हे गावठी’ म्हटलं की आधीच तोंड वाकडं होतं.

फळ देठापासून डोळ्यापर्यंत उभं चिरून चार फोडी करायच्या. आडवं कापू नये. देठाकडचा गर नेहमी कमी गोड असतो आणि डोळ्याकडचा जास्त, म्हणून आडव्या कापात एकाला फिकं आणि दुसऱ्याला गोड फळ मिळतं. कापताना आत बघायचंच. गर तपकिरी, पाणी सुटलेला आणि वास ताडीसारखा असेल तर फळ आंबलेलं आहे, बाजूला टाका. हे सहसा डोळा उघडा असलेल्या फळात होतं: तिथून बारीक भुंगे शिरतात आणि सोबत किण्व, म्हणजे फळ आंबवणारे सूक्ष्मजीव, नेतात. झाड निवडताना म्हणूनच गोडीइतकंच डोळ्याकडे लक्ष द्यावं. परतीचा पाऊस आणि अवकाळी दोन्ही पाहणाऱ्या आपल्या भागात बंद डोळ्याचं, थोडं कमी गोड अंजीर उघड्या डोळ्याच्या अतिगोड अंजिरापेक्षा जास्त कामाचं.

एका बैठकीत ८ नमुने, फार तर १०. पुढे जीभ बधिर होते आणि सगळंच गोड लागू लागतं. शिवाय पोट साफ करण्याचा अंजिराचा गुण सगळ्यांना माहीत आहे. दोन नमुन्यांमध्ये ज्वारीच्या भाकरीचा कोरडा तुकडा आणि घोटभर साधं पाणी. खारे फुटाणे नकोत, मीठ पुढच्या फोडीची गोडी वाढवून दाखवतं. चहा शेवटी. फिकी फळं आधी, जड गोड फळं नंतर.

वहीत ‘छान’ लिहून उपयोग नाही. साल चावते का विरघळते, बी कुरकुरीत आहे का जाणवतच नाही, गराचा रंग पिवळसर, गुलाबी की लाल, आत पोकळी किती, गिळल्यावर तोंडात काय उरतं — मध, काकवी, की नुसतं पाणी — हे लिहावं. रसातली साखर मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर असेल तर आधी स्वच्छ पाण्याचा थेंब टाकून आकडा शून्यावर आणा, मग प्रत्येक झाडाच्या तीन फळांच्या मधल्या गराचा रस घ्या आणि सरासरी लिहा. एकाच फळाचा आकडा फसवतो. आकडा जास्त आणि चव कमी असंही होतं, कारण आंबटपणाची हलकी धार नसेल तर नुसती साखर लवकर कंटाळवाणी होते.

एकाच वाणाची दोन जमिनींतली फळं शेजारी ठेवता आली तर मेळाव्याचं सोनं झालं. माझ्या मते मुरमाड, हलक्या जमिनीतलं फळ लहान पण दाट गराचं असतं आणि खोल काळ्या रानातलं मोठं पण सैल. चुनखडी अंजिराला सोसते. साचलेलं पाणी मात्र सोसत नाही.

‘अंजिरात माशी मरून पडलेली असते ना?’ हा प्रश्न हमखास येतो, तेव्हा उत्तर तयार असावं. अंजीर म्हणजे आत वळलेला फुलोरा. स्मर्ना गटातल्या अंजिरांना फळ धरायला एका बारीक गांधीलमाशीकडून परागीभवन लागतं. पुणेरी, दिनकर, डायना, ब्राऊन टर्की या गटात तशी गरज नाही, परागाशिवायच फळ पिकतं. आपल्या उंबरात जे किडे दिसतात ते उंबराचे. वड, पिंपळ, उंबर, अंजीर एकाच कुळातले असले तरी प्रत्येकाची माशी वेगळी. यातूनच ‘सुक्या अंजिराचं बी लावलं तर?’ याचंही उत्तर निघतं: बी रुजतं, पण आईसारखं झाड देत नाही, आणि बरीच रोपं न खाण्याजोगी, नर प्रकारची निघतात. चव हवी तर काडीच हवी.

चिकाबद्दल आधीच सगळ्यांना सांगा. अंगावर चीक आणि वर ऊन असं झालं की कातडी भाजल्यासारखी लाल होते, फोड येतात, डाग कित्येक आठवडे राहतात. पूर्ण बाह्या, हाताला खोबरेल, आणि काम झालं की उन्हात जाण्याआधी साबणाने धुणं. लहान मुलांना पानांशी खेळू देऊ नका.

आवडलेल्या झाडाच्या खोडाला ॲल्युमिनियमची पट्टी सैल तारेने बांधायची. त्यावर खिळ्याने कोरायचं: क्रमांक, वर्ष, मागणाऱ्याची खूण. मार्करची शाई आपल्या एका उन्हाळ्यात उडून जाते. मार्चमध्येच पानंही तपासा. हिरव्या पानावर पिवळे, धूसर, वेडेवाकडे पट्टे असतील तर तो मोझॅक विषाणू असू शकतो. तो काडीतून पुढच्या बागेत जातो आणि त्याला औषध नाही. अशा झाडाचं फळ कितीही गोड असो, काडी नको.

ऑक्टोबरची भेट तासाभराचीही पुरते. देवाणघेवाण फक्त काड्यांची करावी, मातीसकट रोपांची करू नये. अंजिराच्या मुळांवर सूत्रकृमींच्या (मातीतल्या सूक्ष्म जंतांच्या) गाठी येतात आणि पिशवीतली मूठभर माती नवं रान बाधायला पुरेशी असते. काडी एक वर्ष वयाची, पेन्सिलीएवढी किंवा जराशी जाड, २० ते २५ सेंमी लांब, ४-५ डोळ्यांची (इथे डोळा म्हणजे फांदीवरचा कोंब फुटण्याचा उंचवटा). खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली, सरळ. वरचा डोळ्याच्या वर सेंटीमीटरभर, तिरका. म्हणजे वर-खाली ओळखताही येतं. उलटी लावलेली काडी हे न रुजण्याचं अगदी साधं कारण आहे. प्रत्येक झाडानंतर सिकेटर (छाटणीची कात्री) स्पिरिटने पुसा. पानं तिथेच काढून टाका. माणशी ५ काड्या ठरवा, आणि मालकाच्या जखमांवर १० टक्के बोर्डो पेस्ट लावूनच निघा: १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी.

लगेच लावायच्या नसतील तर ओलसर, घट्ट पिळलेल्या वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत, फ्रिजच्या खालच्या खणात. कागदातून पाणी ठिबकत असेल तर आठवड्यात बुरशी धरते. लावण्याआधी टोकाचा चीक सुकू द्या, १ लिटर पाण्यात १ ग्रॅम कार्बेन्डाझिम घालून त्यात १५ मिनिटं बुडवा, मग मूळ फुटण्याची पावडर. पिशवीत पोयटा (गाळाची माती), वाळू, कुजलेलं शेणखत समान. नुसती काळी माती भरली तर ती बसते, हवा कोंडते आणि काडीचं बूड काळं पडून सडतं. दोन डोळे वर ठेवून बाकी मातीत.

सर्वाधिक काड्या मरतात त्या पालवी फुटल्यानंतर. पंधरा-वीस दिवसांत पानं दिसतात, ती काडीतल्या साठ्यावर फुटलेली असतात. खाली अजून एक मूळही नसतं. आनंदाने पाणी वाढवलं की सड. सुरुवातीला एकदा भरपूर पाणी, मग पिशवी उचलून हलकी लागेपर्यंत थांबायचं. मुळं आली का हे ओढून बघू नका, कोवळी मुळं लगेच तुटतात. एक-दोन काड्या पारदर्शक ग्लासात लावल्या तर बाकीच्यांचा अंदाज येतो. थंडी पडली की मुळं रेंगाळतात, तेव्हा पिशव्या उबदार, अर्धवट सावलीत, भिंतीच्या आडोशाला ठेवा.

फेब्रुवारीत रोप तरारलं तरी रानात लावू नका, पुढे आपला एप्रिल-मे आहे. मोठ्या पिशवीत बदलून शेडनेटखाली ठेवा आणि जून-जुलैत चांगला पाऊस झाल्यावर ५ बाय ५ मीटरवर लावा. भारी रानात वरंबा करून, ६० सेंमीच्या खड्ड्यात मुरूम आणि शेणखत मिसळून. पहिल्या वर्षाची फळं खुडून टाका. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी धरलेलं फळ मार्चच्या मेळाव्यात मूळ झाडाच्या फळाशेजारी ठेवा, दोन्ही ताटांना वेगळे क्रमांक द्या आणि जुनी वही सोबत घेऊन या.