ई लाइनवाले सगळे साव

"ई लाइनवाले सगळे एकदम साव कसे झाले रे?" सोमवारी सकाळी मुनीमकाकांचा फोन. वसुलीच्या यादीत ई लाइनच्या दुकानांची बाकी शून्य दिसत होती. पोह्यांचा पहिलाच घास तोंडात होता.

इंदूरच्या सियागंजातल्या एका घाऊक किराणा पेढीचं उधारीचं काम मी बघतो. प्रोग्राम पायथॉन भाषेतला. सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी मजकूर फाइल) वाचताना पायथॉन प्रत्येक ओळीची डिक्शनरी, म्हणजे रकान्याचं नाव आणि त्यातलं मूल्य अशा जोड्या, करून देतो, पण आतली झाडून सगळी मूल्यं स्ट्रिंग. दिसायला आकडा, असतो मजकूर. म्हणून वसुलीच्या यादीत ९५००० वाली पार्टी १२५००० च्या वर बसायची, कारण तुलना पहिल्या अक्षराची. पोरं महिनाभर त्याच क्रमाने तगादा लावत होती. छापून आलेल्या यादीवर शेठ कधी शंका घेत नाहीत.

ते मी दुरुस्त केलं, जरा ऐटीतच. आधी स्वल्पविराम काढले. देवनागरीत टाइप केलेलं ४५० पायथॉन मुकाट समजून घेतो, पण १,२५,००० दिलं की अडून बसतो. मग डिक्शनरीतलं प्रत्येक मूल्य फ्लोट, म्हणजे दशांश आकडा, करून बघायचं, झालं तर आकडा, नाही तर एरर ट्राय-एक्सेप्टमध्ये पकडून मूल्य जसंच्या तसं ठेवायचं. चार ओळींचं फंक्शन. यादी सरळ झाली, मी खूश.

दोन आठवड्यांनी हा फोन. आधी मी काकांच्याच टायपिंगवर संशय घेतला, ते इथे कबूल करतो. दुपारी तीनला पार्टी कोडचा टाइप (स्ट्रिंग की आकडा) छापून बघितला. कोड म्हणजे रूट नंबर, लाइनचं इंग्रजी अक्षर, दुकान नंबर. १२ए४, १२बी४, १२सी४, १२डी४ सगळे स्ट्रिंग. १२ई४ मात्र फ्लोट: १२००००.०. दोन आकड्यांमधला ई पायथॉनच्या लेखी दहाचा घात! बारा गुणिले दहाचा चौथा घात. पार्ट्यांची मूळ यादी वेगळ्या फाइलमधून, तिथे कोड शाबूत. त्यामुळे त्या कोडने बाकी शोधायला गेलं तर तो सापडायचाच नाही, आणि न सापडल्यास शून्य द्यायचं हेही मीच लिहून ठेवलेलं. एरर एकही नाही. एरर आली असती तर पहिल्याच दिवशी कळलं असतं.

आता कुठल्या रकान्याचा काय टाइप हे वेगळ्या डिक्शनरीत लिहिलंय. बाकीला डेसिमल (अचूक दशांश), पोत्यांना इंट (पूर्णांक), कोडला हात लावायचा नाही. आकडा नसेल तिथे प्रोग्राम थांबतो, बोंब मारतो. काकांना सांगितलं, तर म्हणाले, "मी तर लाल वहीत बघितलं, बाबा."

त्या दोन आठवड्यांत ई लाइनच्या दोघांना, बाकी शून्य दिसते म्हणून, पुन्हा उधारीवर माल गेला. एकाने पैसे आणून दिले. दुसऱ्याचं शटर मंगळवारपासून खाली आहे.