पंचगंगेच्या काठावर, मुलगी पाण्यात असताना

आम्ही लातूरची माणसं. पाणी म्हणजे घागर, टाकी आणि टँकरची वाट, एवढीच आमची ओळख. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, तेव्हा गाडी बघायला अख्खं गाव लोटलं होतं. कोल्हापूरला नणंदेकडे निघालो ते पंढरपूर, मिरज करत त्याच मार्गानं. मिरज मागे पडली तशी खिडकीबाहेर उसाची गर्द हिरवी शेतं सुरू झाली आणि माझ्या पोटात गोळा आला. मुलगी नदीत कयाक, म्हणजे एक अरुंद होडी, चालवायला निघाली होती.

नणंदेचं घर शुक्रवार पेठेत, पंचगंगा घाटापासून चालत जाण्याएवढं जवळ. तिचा मुलगा आणि त्याचे मित्र हिवाळ्यात सुट्टीच्या सकाळी स्वतःच्या कयाक घेऊन नदीत उतरतात. लेक पुण्याला शिकायला गेल्यावर तरणतलावात पोहायला शिकली होती. पण तलावाचा तळ दिसतो. नदीचा दिसत नाही, आणि माझा जीव त्यातच अडकला होता.

घाटावर पोहोचलो तेव्हा नुकतं उजाडत होतं. पाण्यावर धुकं होतं. दीपमाळा, पायऱ्या, पाण्यालगतची लहान दगडी देवळं आणि बाजूला जुन्या शिवाजी पुलाच्या दगडी कमानी. एवढ्या गारठ्यातही पोहणाऱ्यांची गर्दी होती. पाठीला डबा बांधलेली दोन लहान पोरं आजोबांचा हात धरून उतरत होती. या शहरात पोहायला शिकवणं ही घरचीच रीत आहे. जलतरणपटू वीरधवल खाडे इथून ऑलिंपिकपर्यंत गेला, याचं मला त्या पायरीवर बसून जराही नवल वाटलं नाही. पाणी मात्र स्वच्छ नव्हतं. काठाला केंदाळ लागलेलं होतं आणि नदीच्या प्रदूषणाबद्दल इथली माणसं तळमळीनं बोलतात. एवढ्या जिवाभावाची नदी अशी पाहून मलाही वाईट वाटलं.

भाच्यानं आधी सगळ्यांना लाइफ जॅकेट घातलं. माझ्या लेकीची बकलं लावून झाल्यावर तिच्या मागे उभा राहून त्यानं दोन्ही खांदे धरले आणि जॅकेट जोरात वर ओढलं. ते कानापर्यंत आलं.

"बघितलं मामी? पाण्यात पडली की असं वर सरकणार आन् ही खालनं निसटणार." त्यानं कडेचे पट्टे आवळले आणि परत ओढलं. आता जॅकेट जागचं हललं नाही.

मग वल्ह्याची पाळी. कयाकच्या वल्ह्याला दोन्ही टोकांना पाती असतात. दांडा डोक्यावर आडवा धरायचा आणि कोपरं काटकोनात आली की हात तिथंच ठेवायचे. ही होडी मुळात बर्फाळ उत्तरेकडच्या इनुइट लोकांची, सांगाड्यावर सीलचं कातडं ताणून केलेली, शिकारीसाठी. भाचा हे उत्साहानं सांगत होता आणि मी त्या होडीची रुंदी बघत होते. माणूस जेमतेम मावतो. पाय पुढे पसरून, गुडघे कडेला टेकवून बसायचं, म्हणजे कंबर हलली की होडी हलते.

"आता पहिल्यांदा उलटायचं," तो म्हणाला.

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. पण नियमच तसा आहे. काठाजवळच्या कमरेएवढ्या पाण्यात प्रत्येकानं होडी मुद्दाम पालथी करायची, आतून निसटून वर यायचं आणि होडी सोडायची नाही. तरंगणारी होडी लांबून दिसते, एकट्या माणसाचं डोकं दिसत नाही. लेकीनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि डावीकडे कलली. होडीचं पिवळं बूड वर आलं. ते तेवढंच दिसत होतं. तिचे केस नाहीत, हात नाहीत, काही नाही. मी उठून पाण्यात दोन पायऱ्या उतरले होते, साडी भिजली तेव्हा कळलं. भाचा होडीला हात न लावता शेजारी उभा होता. मग पलीकडून ती वर आली, नाकातोंडातलं पाणी झटकत, एका हातात वल्हं आणि दुसरा हात होडीवर. "आई, बसल्यावर एकदम आठवलं, पाय सरळ करून मागे ढकलायचं!" तिनं आपण होऊन आणखी एकदा उलटून दाखवलं. दुसऱ्या वेळी मला बघता आलं.

पुढचं काही फार सांगण्यासारखं नाही. पाचसहा होड्या पुलाखालून गेल्या आणि धुक्यात दिसेनाशा झाल्या.

माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. नणंद शेजारी येऊन बसली. "वहिनी, आत्ता पाणी तुंबवलंय म्हणून थंडावलंय," ती म्हणाली. खाली कसबा बावड्याजवळ राजाराम बंधारा आहे. कोल्हापुरी पद्धतीच्या बंधाऱ्यात दगडी खांबांच्या मधल्या खाचांत पावसाळा संपला की बरगे, म्हणजे आडव्या फळ्या, घालतात आणि पुढच्या पावसाआधी काढतात. त्यामुळे हिवाळ्यात नदी इथं जवळजवळ उभीच असते. पण त्या बाजूला पोरांनी जायचंच नाही, असा तिनं दंडक घातलाय. बंधाऱ्यावरून पडणारं पाणी खाली उलटं फिरतं, त्यात सापडलेली वस्तू तिथल्या तिथं गरगरत राहते आणि जॅकेट घातलेला माणूससुद्धा सुटत नाही.

याच बंधाऱ्यावर नदीची पातळी मोजतात. ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. नदीपलीकडच्या चिखली, आंबेवाडीची माणसं नावांतून बाहेर काढावी लागली. नणंदेच्या गल्लीच्या तोंडाशी पाणी आलं तेव्हा तिनं गव्हाचे डबे माळ्यावर चढवले होते. "मी काय नदीला भीत न्हाय असं न्हाय," ती म्हणाली, "म्हणून तर पोराला आधी उलटायला लावते." हा नियम तिचा होता! मी तिचा हात धरला.

होड्या परत आल्या तेव्हा मी नावं न घेता डोकी मोजली, पुरती भरली. लेकीच्या तळहातांवर फोड आले होते आणि चेहरा असा उजळला होता की मला रागवणं जमलं नाही.

दुसरी तुकडी उतरायच्या तयारीत होती. त्यात एक बारकासा मुलगा धावत आला, त्याला कुणीतरी घाईत जॅकेट अडकवलं. मी त्याच्या मागे गेले, खांदे धरले, ओढलं. थेट कानापर्यंत आलं. मी भाच्याला हाक मारली. पट्टे पार आवळूनही ते सैलच राहिलं, त्याच्या मापाचं जॅकेट त्या दिवशी तिथं नव्हतं. मुलगा रडवेला झाला. "ह्यो आज काठावर, मामी म्हणतायत ते बरोबर हाय," भाचा म्हणाला.

त्याला आम्ही बरोबर घेतलं आणि गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर गेलो. तिथं म्हशी उभ्याच असतात, समोर पिळून फेसाळ दूध हातात देतात. मुलानं दोन पेले संपवले आणि लेकीला विचारलं, उलटल्यावर डोळे उघडे ठेवायचे की मिटायचे. ती त्याला सविस्तर सांगत राहिली. भाच्यानं तोवर फोनवर लहान मापाच्या दोन जॅकेटांची चौकशी केली. त्यातल्या एकाचे पैसे मी दिले.